तुरुंग ही देवाने दिलेली शिक्षा असते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ पतसंस्थेतल्या अपहाराच्या गुन्ह्यात कच्चा कैदी म्हणून आत आहे, खटला अजून सुरू झालेला नाही. मंडळीतले (चर्चमधले) काही जण म्हणतात, ही त्याच्या पापाची शिक्षा. काही म्हणतात, भावांनी विकल्यावर मिसरात तुरुंगात पडलेल्या आणि पुढे तिथला मोठा अधिकारी झालेल्या योसेफासारखा देव त्याला घडवतो आहे. बहीण विचारते की पवित्र शास्त्रात आणि ख्रिस्ती परंपरेत तुरुंगाचा अर्थ नक्की काय आणि या दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे.

ताई, कोणाचेच मानू नका. मी बरीच वर्षे तुरुंगसेवेत आहे. ही दोन्ही वाक्ये तुरुंगातल्या मुलाखतीच्या, म्हणजे भेटीच्या, रांगेत उभ्या असलेल्या बहुतेक ख्रिस्ती घरांनी ऐकलेली असतात. बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसते. पण दोन्हींत सगळा अर्थ आत बसलेल्या माणसातच शोधलेला असतो: त्याने काय केले असेल, त्याचे पुढे काय होणार. शास्त्रात तुरुंगाचा विषय निघाला की बहुतेक वेळा जाब बाहेरच्या लोकांना विचारलेला आढळतो.

आधी शिक्षेचे पाहू. मोशेच्या नियमशास्त्रात तुरुंगवास नावाची शिक्षाच नाही. बैल चोरून कापला किंवा विकला तर एकाला पाच बैल आणि मेंढराला चार मेंढरे भरून द्यायची (निर्गम २२). फटक्यांची शिक्षा आहे, तीही ४० च्या वर जायची नाही. हातून चुकून कोणी मेले तर पळून जायला सहा आश्रयनगरे आहेत. देहान्ताची शिक्षा आहे, दगडमार आहे, म्हणजे हा कायदा मवाळ मुळीच नाही. पण अमक्या गुन्ह्याला इतकी वर्षे कोठडी, असे कलम पाचही पुस्तकांत सापडत नाही. लेवीय २४ आणि गणना १५ मध्ये दोघांना अटकेत ठेवल्याचा उल्लेख आहे, तो निर्णय होईपर्यंतचा. एज्राच्या सातव्या अध्यायात शिक्षांच्या यादीत कैद येते खरी, पण ते फर्मान पारसाचा राजा अर्तहशश्त याचे आहे. रोमी कायद्याचीही भूमिका साधारण हीच होती. तिसऱ्या शतकातला कायदेपंडित उल्पियन लिहितो की तुरुंग माणसाला ताब्यात ठेवण्यासाठी असतो, शिक्षेसाठी वापरू नये. व्यवहारात तो सर्रास वापरला जाई, म्हणून तर त्याला हे लिहावे लागले.

तेव्हा देवाने पापाबद्दल तुरुंगात टाकले, या वाक्याला नियमशास्त्रात आधार नाही. नियमशास्त्र आणि शुभवर्तमान दोन्ही पाप मोजतात ते नुकसान झालेल्या माणसाच्या बाजूने. जकातदार जक्कयाने प्रभूला जेवायला घरी घेतले आणि उभे राहून सांगितले की अन्यायाने घेतले असेल ते चौपट परत करतो. तुमच्या भावाने ठेवीदारांचे पैसे खरोखर खाल्ले असतील तर शास्त्र त्याच्याकडे हे मागते. मागणी कडक आहे, तिच्यात पळवाट नाही. पण भरपाई कोठडीत बसून होत नाही, हेही लक्षात घ्या.

मग शास्त्रात तुरुंगात टाकते कोण? योसेफाला पोटीफर टाकतो, शमशोनाला पलिष्टी टाकतात, मीखायाला राजा अहाब टाकतो. मीखाया संदेष्ट्याने मनासारखे भविष्य सांगितले नाही म्हणून अहाबाने त्याला जेमतेम भाकरी-पाण्यावर ठेवायला लावले. आसासारखा एरवी भला म्हणून गणलेला राजाही हनानी द्रष्ट्याचे बोलणे झोंबले म्हणून त्याला खोड्यात घालतो. यिर्मया संदेष्ट्याची कथा तर आजच्या कुठल्याही प्रकरणासारखी वाचता येते. यरुशलेमेला वेढा पडलेला, हा बन्यामिनी वेशीतून बाहेर निघाला आणि शत्रूला फितूर होतोस या आरोपावरून धरला गेला. मारहाण झाली, योनाथान लेखकाच्या घराचा तुरुंग केला होता तिथे टाकले. राजा सिद्कीयाने गुपचूप बोलावल्यावर यिर्मयाने हातापाया पडून मागितले ते एवढेच, की मला परत त्या घरात पाठवू नका, मी तिथे मरेन. राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात हलवले आणि शहरात भाकरी असेपर्यंत रोज एक भाकर देण्याची व्यवस्था केली.

पुढे सरदारांनी त्याला दोरांनी एका हौदात सोडले. पाणी नव्हते, चिखल होता, त्यात तो रुतला. त्याला काढले ते एबद-मलेख नावाच्या कूशी माणसाने. हा राजवाड्यातला परदेशी सेवक. राजाकडे जाऊन तो उघडपणे म्हणाला की या लोकांनी वाईट केले, तो माणूस उपाशी मरेल. राजाने माणसे दिली. मग हा कोठाराखालच्या खोलीत गेला, जुनेर आणि फाटके कपडे घेतले, दोरांनी खाली सोडले आणि यिर्मयाला ओरडून सांगितले की हे काखेत धर, त्यावरून दोर घे. वर ओढताना काखा सोलवटू नयेत म्हणून. अडतिसाव्या अध्यायात इतक्या धामधुमीत लिहिणाऱ्याने ही चिंध्यांची गोष्ट विसरू दिली नाही. तुरुंगसेवेच्या प्रशिक्षणात नव्या स्वयंसेवकांना मी दुसरे काही वाचायला देत नाही. आतल्या माणसाला कुठे दोर काचतो, हे आधी समजून घ्यायचे.

आता योसेफ. हे उदाहरण चुकीचे नाही, ते वापरण्याची वेळ चुकते. उत्पत्ती ३९ म्हणते की बंदिशाळेत परमेश्वर योसेफाबरोबर होता. बरोबर होता, हे खरेच. पण योसेफ आत बसून काय म्हणतो तेही वाचा. सोबत कैदेत असलेल्या फारोच्या प्यालेबरदाराला स्वप्नाचा अर्थ सांगून झाल्यावर तो म्हणतो: तुझे बरे झाले की माझी आठवण ठेव, फारोच्या कानावर घाल, मला या घरातून सोडव, मला इब्र्यांच्या देशातून चोरून आणले आणि इथेही मी काही केलेले नाही. आजच्या भाषेत त्याने ओळखीतून सुटकेसाठी खटपट केली. माझ्या घडणीसाठी देवाने मला इथे ठेवले, असे तो म्हणत नाही. प्यालेबरदार सुटला आणि विसरला. पुढे पूर्ण दोन वर्षे गेली.

'देवाने मला तुमच्यापुढे पाठवले' हे प्रसिद्ध उद्गार सुटकेनंतर सुबत्तेची ७ वर्षे आणि दुष्काळाची २ वर्षे गेल्यावरचे आहेत. बोलणारा स्वतः योसेफ आहे आणि समोर त्याला विकणारे भाऊ उभे आहेत. म्हणजे तो अर्थ भोगलेल्याने, नंतर, स्वतःच्या तोंडाने लावला. आत असलेल्याला बाहेरच्याने तो आधीच लावून देऊ नये. एकशे पाचवे स्तोत्र हीच कथा देवाची योजना म्हणून गाते, पण त्याचे पाय बेड्यांनी दुखावले हेही गाते. तुमच्या मंडळीतल्यांना सांगा की योसेफाची ओवी म्हणायची तर बेडीच्या ओळीसकट म्हणा.

याहून अवघड गोष्ट योहानाची. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला हेरोद अंतिपाने धरले. यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की त्याला मृत समुद्राच्या पूर्वेच्या मखेरस किल्ल्यात ठेवले होते. तिथून योहानाने शिष्यांहाती येशूला विचारले: जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने यार्देनेवर त्याच्याकडे बोट दाखवले त्याचाच हा प्रश्न. आतला माणूस शंका घेतो म्हणून त्याला अविश्वासी ठरवू नका, एवढे इथे शिकून घ्या.

येशूचे उत्तर नीट वाचले की अंगावर येते. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. यशयाच्या भविष्यवाणीची ही झाली यादी. त्याच यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात बंदिवानांच्या सुटकेची घोषणा आहे आणि नासरेथच्या सभास्थानात येशूने ती स्वतः वाचून दाखवली होती. योहानाला पाठवलेल्या यादीत नेमकी तीच ओळ नाही. शेवटी तो म्हणतो, माझ्यामुळे जो अडखळत नाही तो धन्य. योहान सुटला नाही, त्याचे डोके तबकात गेले. चारही शुभवर्तमानांत तुरुंगातून सुटलेला माणूस एकच सापडतो, तो बरब्बा. दंगा आणि खून यांसाठी तो आत होता. निर्दोष योहान मेला, निर्दोष येशू मेला आणि दोषी सुटला. 'विश्वास ठेव, देव दार उघडेलच' असे कैद्याच्या आईला सांगणाऱ्याने हे तीन निकाल एकत्र वाचावेत.

प्रेषितांच्या कृत्यांतही तेच. बाराव्या अध्यायात पेत्राला चार-चार शिपायांच्या चार टोळ्यांच्या पहाऱ्यातून दूत बाहेर काढतो. पण त्याच अध्यायाच्या दुसऱ्या ओळीत योहानाचा भाऊ याकोब तलवारीने मारला गेला आहे. याकोबासाठी प्रार्थना कमी पडली, असे हे पुस्तक लिहिणारा लूक सुचवतसुद्धा नाही. आणि पेत्र सुटल्यावर हेरोदाने (हा हेरोद अग्रिप्पा, अंतिपा नव्हे) त्या पहारेकऱ्यांना ठार करायला सांगितले. उपदेशात हे वाक्य बहुधा गाळले जाते. तुरुंगातले शिपाईही कोणाची तरी मुले असतात, त्यांची नोकरी आणि जीव याच भिंतींत अडकलेला असतो. फिलिप्पैला भूकंपाने दारे उघडली तेव्हा तुरुंगाधिकारी तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघाला होता तो म्हणूनच. कैदी पळाले असते तर त्याची गत हेरोदाच्या पहारेकऱ्यांसारखी झाली असती. पौल ओरडला, स्वतःला इजा करू नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. मग त्याच अधिकाऱ्याने रात्री त्यांच्या जखमा धुतल्या.

त्या कथेचा शेवट लोक कमी वाचतात. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की सोडून द्या, जाऊ दे त्यांना. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशीविना चारचौघांत फटके मारले, आता गुपचूप घालवता काय? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे. भक्तिगीते गाणारा माणूस कायद्याचा हक्कही मागतो. यात विसंगती काही नाही.

कच्च्या कैद्याचे म्हणाल तर पौलासारखा दाखला दुसरा नाही. कैसरीयात सुभेदार फेलिक्सने त्याला दोन वर्षे निकालाविना ठेवले. कारणही लूकने झाकले नाही: पौलाकडून पैसे मिळतील या आशेने फेलिक्स त्याला वरचेवर बोलावून गप्पा मारी. बदली झाली तेव्हा यहुद्यांना खूश करायला तसाच बंदीत ठेवून गेला. त्या दोन वर्षांत देव पौलाला शिक्षा करत होता किंवा घडवत होता, यांतले काहीही लूक लिहीत नाही. तो फेलिक्सचा हेतू लिहितो.

आता ज्या वचनाभोवती ख्रिस्ती परंपरेत हा विषय फिरतो ते मत्तय २५. मी बंदिशाळेत होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात. हे कळायला त्या काळचा तुरुंग डोळ्यांपुढे आणावा लागतो. सरकारकडून अन्न-वस्त्राची हमी नसे. घरचे, मित्र आणतील ते खायचे, ते पांघरायचे. भेटायला कोणी आले नाही तर माणूस भुकेने, थंडीने मरे. म्हणून भेटणे हे भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र यांच्याच ओळीत येते. पौल तीमथ्याला लिहितो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण आणि हिवाळ्यापूर्वी ये. अनेसिफर माझ्या साखळीची लाज न धरता रोममध्ये मला शोधत आला, हेही तो आवर्जून लिहितो. एपफ्रदीत फिलिप्पैहून मदत घेऊन आला आणि आजारी पडून मरणाच्या दारी पोहोचला. पत्रांमधली ही नावे बहुतेकांना पाठ नसतात. पौल जगला तो यांच्यामुळे.

आणखी एक गोष्ट. 'मी बंदिशाळेत होतो' म्हणताना प्रभू निर्दोष कैदी असे विशेषण लावत नाही. काही भाष्यकारांच्या मते तिथले 'माझे कनिष्ठ बंधू' म्हणजे छळले गेलेले शिष्य. त्या वाचनाला आधार आहे, मी ते नाकारत नाही. पण वधस्तंभावर शेजारी लटकलेला चोर स्वतःच्या तोंडाने म्हणाला की आम्हाला आमच्या कृत्यांचे योग्य फळ मिळत आहे, आणि त्याला सुखलोकाचे वचन त्याच दिवसाचे मिळाले. तेव्हा भावाला भेटायला जाण्याआधी त्याने केले की नाही हे ठरलेच पाहिजे, अशी अट तुमच्यावर नाही. तो निर्णय न्यायालयाचा.

सुरुवातीची मंडळी हे इतके अक्षरशः पाळत असे की परक्यांनी त्याची टिंगल केली. दुसऱ्या शतकातला ल्युशियन हा लेखक पेरेग्रिनस नावाच्या लबाडाची कथा सांगतो. हा काही काळ ख्रिस्ती झाला आणि तुरुंगात पडला. पहाटेपासून विधवा आणि अनाथ मुले दाराशी बसलेली, पुढारी पहारेकऱ्यांना पैसे चारून आत त्याच्यासोबत झोपायला जात, तऱ्हेतऱ्हेचे जेवण येई, दूरच्या शहरांतून माणसे आणि पैसा आला. ल्युशियनला हे लोक भोळसट वाटतात. मला ती टिंगल कुठल्याही स्तुतीपेक्षा भरवशाची साक्ष वाटते.

इ.स. २०३ मध्ये कार्थेजला पर्पेतुआ ही सुमारे २२ वर्षांची, अंगावर पिणारे मूल असलेली बाई पकडली गेली. तिने आत लिहिलेली टिपणे टिकून राहिली आहेत. पहिल्या दिवशी ती घाबरली, असा काळोख तिने कधी पाहिला नव्हता. गर्दी, उकाडा, शिपायांची लुबाडणूक, आणि सगळ्यात जास्त बाळाची काळजी. तेर्तियस आणि पोम्पोनियस या दोन सेवकांनी पैसे देऊन त्यांना काही तास तुरुंगाच्या बऱ्या भागात आणवले. पुढे बाळ जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली तेव्हा तिने लिहिले की तुरुंग मला राजवाड्यासारखा झाला. तुरुंगाचा राजवाडा झाला, एवढेच वाक्य उपदेशात येते. बाळ आणि ते दोघे सेवक मागे राहतात. तिच्यासोबतची दासी फेलिसिटी आठव्या महिन्यात आतच बाळंत झाली.

आमच्याकडची एक सवय सांगतो, ती मला खटकते. आपण सगळेच पापाचे बंदिवान, असे म्हणून प्रवचनकार खऱ्या तुरुंगाला वळसा घालतात. रूपक खोटे नाही, पौलानेच वापरले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तुरुंगातल्या आत्म्यांना ख्रिस्ताने घोषणा केल्याचे म्हटले आहे, मतांगीकारात आपण तो अधोलोकात उतरला असे म्हणतो आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चित्रांत पुनरुत्थित ख्रिस्ताच्या पायाखाली मोडलेली दारे, कुलपे आणि किल्ल्या विखुरलेल्या दिसतात. हे फार मोठे आहे. पण 'बंदिवानांना तुम्हीही त्यांच्यासोबत बंदीत असल्यासारखे आठवा' असे इब्री लोकांस पत्र सांगते ते साखळी घातलेल्या माणसांविषयी.

परंपरेचे हे झाले उजळ पान. दुसरे पानही आपलेच आहे. रक्त सांडायचे नाही असा पाळकवर्गाला नियम होता, म्हणून धर्मसभेची न्यायालये शिक्षा म्हणून कोंडून ठेवू लागली. पोप बोनिफेस आठवे यांच्या १२९८ च्या कायदासंग्रहात प्रायश्चित्तासाठी ठरावीक मुदतीची किंवा जन्मभराची कैद मान्य झाली. ज्याला आपण आज सहज 'तुरुंगाची शिक्षा' म्हणतो तिच्या घडणीत मठांचा आणि धर्मन्यायालयांचा मोठा हात आहे. क्रुसाचा संत योहान याला १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच कार्मेल संघातल्या बंधूंनी तोलेदोला एका अंधाऱ्या खोपटात कोंडले. फटके, उपास, नऊ महिने. त्याच्या सर्वोत्तम कवितांचा मोठा भाग तिथला आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये तो पळून गेला. कोणी दूत आला नाही, त्याने दाराचे खिळे सैल केले आणि पांघरुणाच्या पट्ट्या बांधून खाली उतरला.

गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत चालले, मधली चार वर्षे सोडून. जुन्या गोव्यातल्या त्या वास्तूला लोक व्हडलें घर म्हणत. शार्ल देलॉं या फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमणला पकडून पुढे तिथे नेले. त्याने सुटल्यावर लिहिलेल्या वृत्तान्तात एकांताच्या कोठड्या आहेत, आरोप काय ते न सांगता कबूल हो म्हणणारे न्यायाधीश आहेत, आणि त्यानेच स्वतःचा जीव घ्यायचा केलेला प्रयत्न आहे. स्थानिक हिंदू आणि नवख्रिस्ती यांना काय सोसावे लागले असेल याची कल्पना करावी. मत्तय २५ पाठ असलेल्या लोकांनी हे चालवले.

चांगल्या हेतूनेही घोटाळा झाला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रभावाखाली १८२९ मध्ये ईस्टर्न स्टेट तुरुंग उघडला. प्रत्येकाला वेगळी खोली, बायबल, काम आणि पूर्ण शांतता. माणूस एकटा राहिला की पश्चात्ताप करील, असा विचार होता. चार्ल्स डिकन्सने १८४२ मध्ये पाहून लिहिले की मनाचा हा संथ छळ शरीराच्या कुठल्याही यातनेपेक्षा वाईट आहे. क्वेकरांचीच एलिझाबेथ फ्राय लंडनच्या न्यूगेट तुरुंगात १८१३ मध्ये पहिल्यांदा गेली. तिने बायकांना आणि त्यांच्या मुलांना कपडे दिले, शाळा काढली, शिवणकाम दिले. एकाच पंथाने एकीकडे माणसाला एकटे ठेवले, दुसरीकडे माणूस पाठवला. यांतले शास्त्राला कोणते धरून आहे ते सांगायला नको.

अगदी अलीकडचे आणि आपल्या राज्यातले म्हणजे एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, झारखंडच्या आदिवासींत काम करणारे धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी. ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीहून अटक, तळोजा तुरुंग, आणि ५ जुलै २०२१ ला वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईत रुग्णालयात मृत्यू, खटला सुरू न होताच. त्यांच्या प्रकरणाविषयी तुमचे-माझे मत काहीही असो. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःपेक्षा इतर गरीब कच्च्या कैद्यांविषयी लिहिले: आपल्यावर काय आरोप आहे हे ज्यांना ठाऊक नाही, आरोपपत्र पाहिलेले नाही, मदत नाही, वर्षे जात आहेत. आपल्या देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश लोक असे निकालाविना आहेत. फेलिक्सच्या कैसरीयाहून फार पुढे आलेलो नाही.

म्हणून आता तुमच्या भावाचे. मुलाखत चुकवू नका आणि काय न्यायचे ते दारावर आधी विचारून घ्या, तुरुंगागणिक नियम बदलतात. कॅन्टीनसाठी पैसे अधिकृत मार्गानेच भरा, मधल्या माणसाकडे देऊ नका. त्याला वाचायला योसेफ देऊ नका, स्तोत्रे द्या. एकशे बेचाळिसावे आहे, अठ्ठ्याऐंशीवे आहे. अठ्ठ्याऐंशीवे शेवटपर्यंत अंधारात राहते, तिथे समाधान सांगितलेले नाही, आणि आतली माणसे ते वाचून हलकी होतात असा माझा अनुभव आहे. देवावर रागावला तर रागावू द्या. मुलांना बाबा कामाला गेलेत असे सांगू नका, शाळेत दुसऱ्या कोणीतरी सांगणारच.

मंडळीकडून प्रार्थना मागा, पण जामीनदारही मागा. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून माणसे आत राहतात, हे मी सतत पाहतो. सातबारा किंवा पगाराचा दाखला असलेला, तहसीलातून ऐपतीचा दाखला काढायला तयार असलेला एक माणूस लागतो. पौलाने फिलेमोनाला त्याचा दास अनेसिम याच्याविषयी लिहिले की त्याचे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड, मी स्वहस्ते लिहून देतो, मी फेडीन. तो स्वतः तेव्हा बेड्यांत होता.

वकील परवडत नसेल तर अटकेत असलेल्या कोणालाही विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तुरुंगातच त्यांचा कक्ष असतो, तिथे भावाला नाव नोंदवायला सांगा. त्याच्यावरची कलमे कोणती, ते आरोपपत्राची प्रत घेऊन बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की तो सुटकेला पात्र होतो. कमाल ७ वर्षांचे कलम असेल तर हा काळ २ वर्षे ४ महिने होतो. जन्मठेपेची तरतूद असलेले कलम लावले असेल किंवा एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही, आणि पतसंस्थेच्या प्रकरणांत अशी कलमे पुष्कळदा लागतात, म्हणून हे आधी तपासा. मुदत भरली की न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांची असते. पण तुम्ही वाट पाहू नका. अटकेची तारीख वहीत लिहून ठेवा, मुदतीच्या महिनाभर आधी विधी सेवा कक्षात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.